आईचा ओटा आणि मोऱ्याचं तेल

लाकडाला काहीही लावू नका, असं मला एकाच माणसाने सांगितलं होतं आणि नेमकं त्याचंच मी ऐकलं नाही. तो माणूस म्हणजे आमच्या ओट्याचा सुतार महादेव. शेवटचा स्क्रू पिळून झाल्यावर कानामागे पेन्सिल अडकवत तो म्हणाला, "सायेब, जहाजाचा सागवान हाय. तीस वरसं समुद्रात होता. त्याला आता काय व्हनार? हाय तसा ऱ्हाऊ द्या." पण ज्याला आपण मजुरी दिली त्याच्याकडून वर सल्लाही घ्यायचा, हे आमच्या कॉलनीच्या रीतीत बसत नाही. सल्ला घ्यायचा तो शेजाऱ्यांचा, ज्यांना त्या विषयातलं काही कळत नसतं आणि ज्यांचं त्यात काही जात नसतं.

ही गोष्ट चौऱ्याण्णव सालच्या एप्रिल-मे महिन्यांतली. नवीन पनवेलमधली आमची रो हाऊसं भाताच्या खाचरांवर उभी आहेत. घरं सरळ उभी आहेत हीच आर्किटेक्टची पुण्याई. दारासमोर सिमेंटचा ओटा मी दोनदा घातला आणि दोन्ही वेळा पावसाळा संपेस्तोवर त्याचे चार तुकडे चार दिशांना गेले. तेव्हा सुनीताच्या, म्हणजे माझ्या बायकोच्या, अमेरिकेतल्या भावाने फोटो पाठवला. घरामागे लाकडी फळ्यांचा ऐसपैस चौथरा, त्यावर खुर्ची, खुर्चीत मेहुणा, मेहुण्याच्या पोटावर पेला. त्याला म्हणे 'डेक' म्हणतात. मला पेला आणि पोट नको होतं. ओटा हवा होता.

ओटा हवा होता आईसाठी. आई वाईला दोन भाड्याच्या खोल्यांत एकटी राहायची. आदल्या वर्षी न्हाणीत पाय घसरून पडली आणि चार तास तशीच पडून होती. डोक्याला खोक पडली होती. त्यानंतर मी प्रत्येक पत्रात 'आता इकडे ये' असं लिहायचो आणि प्रत्येक उत्तरात ती तेच लिहायची : तुमच्याकडे दारात बसायला जागा नाही, घरात बसून मी भिंती मोजू काय? शेवटी ओट्याचं कळवलं तेव्हा तिचं कार्ड आलं. 'अक्षय तृतीयेला येते. आठ दिवस राहून बघते. जमलं तर राहीन, नाही तर माझ्या खोल्या आहेतच.' ते कार्ड मी रात्रंदिवस खिशात घेऊन फिरत होतो. आठ दिवसांत तिला जमलं नाही, तर ती पुन्हा त्या न्हाणीत जाणार, एवढंच मला दिसत होतं.

आता आईविषयी एक गोष्ट सांगायलाच हवी. अंड्याचं नुसतं नाव निघालं तरी ती चूळ भरते. शेजारच्या बिऱ्हाडात कुणी सुकटीचा डबा उघडला, म्हणून तिने एकदा भर पावसाळ्यात जागा बदलली होती.

तर ओटा तयार झाला. मेहुण्याने पत्राने कळवलं की लाकडाला रंग लावू नका, रंग वर बसतो आणि पोपडे निघतात. ऑइल बेस्ड स्टेन लावा, तो लाकडात मुरतो. वरून पाणी टाकलं की त्याचे मोती झाले पाहिजेत. मी पनवेलच्या बाजारातल्या हार्डवेअरच्या दुकानात गेलो. दुकानदाराने माझ्यापुढे व्हार्निश, फ्रेंच पॉलिश आणि खिडक्यांना लावतात तो पोपटी ऑइल पेंट ठेवला. मी मुरणाऱ्या पदार्थाची मागणी केली. तो म्हणाला, "साहेब, मुरायला लोणचं आहे का? पेंट घ्या, चकाचक दिसेल." बरीच हुज्जत घातल्यावर त्याने माळ्यावरून वॉलनट स्टेनच्या दोन पुड्या काढून दिल्या आणि त्या बेलतेलात, म्हणजे उकळलेल्या जवसाच्या तेलात, कालवायला सांगितलं. बेलतेल मात्र संपलं होतं. सोमवारी येणार होतं. सोमवार कुठल्या महिन्यातला, ते त्याने सांगितलं नाही.

मी पुड्या घेऊन घरी आलो तर कुंपणावर टिपणीस वाट बघत उभे. सत्यजीत टिपणीस माझे शेजारी. बँकेत आहेत, पण त्यांचा खरा अधिकार मासळीवर. पापलेटाच्या डोळ्यात बघून ते त्याचं वय सांगतात. कॉलनीतल्या बाकीच्या लोकांनी ओट्याकडे बघून 'सभा कुणाची आहे?' असं विचारून घेतलं होतं. टिपणीस मात्र गंभीर होते.

"पाध्ये, जहाजाच्या लाकडाला बेलतेल लावताय? तुम्ही आजारी माणसाला डॉक्टर सोडून वकिलाकडे नेताय."

"मग कुणाकडे नेऊ?"

"मोऱ्याला जा. उरणच्या पुढे. तिथे काशिराम म्हणून होडीवाला आहे, माझं नाव सांगा. ते लोक पिढ्यान्पिढ्या लाकूड पाण्यात ठेवतायत. त्यांच्याकडे जे तेल आहे ते तुमच्या मेहुण्याच्या अमेरिकेच्या बापाकडे नाही."

मी विमा कंपनीत दाव्यांच्या विभागात आहे. समोरच्याचं म्हणणं खरं का खोटं, हे तपासण्यासाठीच मला पगार मिळतो. टिपणीस स्वतः मोऱ्याला कशासाठी जातात, हा एक साधा प्रश्न मी विचारला असता तर पुढचं रामायण टळलं असतं. विचारला नाही.

रविवारी एसटीने उरण आणि तिथून मोऱ्याला गेलो. धक्क्यावर जाळी सुकत होती, मासळीचे ढीग पडले होते, मी नाकाला रुमाल लावला. काशिराम उपड्या होडीच्या सावलीत बसून विडी ओढत होता. टिपणिसांचं नाव घेताच त्याने मला बसायला डबा दिला, आणि मी तेल मागितलं तेव्हा मला उठवून तोच डबा हातात दिला.

"हे ऑइल बेस्डच आहे ना?" मी विचारलं.

"म्हंजे?"

"म्हणजे तेलाचंच आहे ना?"

"तेलच हाय की. दुसरा काय आसंल?"

"पाणी आत जाणार नाही?"

"आमची होडी बुडली नाय अजून," काशिराम म्हणाला. "तीन हात मारा. राळ घातलेली हाय. लाकडाला पानी शिवनार नाय."

तेल कशाचं, हे मी विचारलं नाही. डब्याला वास होता, पण त्या धक्क्यावर वास कशाला नव्हता? मला तो हवेचा वाटला. परतीच्या एसटीत माझ्या शेजारचा माणूस उठून मागे गेला, पुढचे दोघे दाराशी जाऊन उभे राहिले, आणि मी पाय पसरून बसलो. इकडची माणसं नोकरदाराला अजून मान देतात, असं मला वाटल्याचं आठवतं.

त्याच संध्याकाळी मी तीन हात मारले. एक हात वाळायच्या आत दुसरा मारू नये, हे मेहुण्याच्या पत्राच्या मागच्या बाजूला होतं. जास्तीचं तेल फडक्याने पुसून घ्यावं, हेही तिथेच होतं. मी पत्र उलटलं नव्हतं. शेवटी तांब्याभर पाणी ओतलं. मोती! अहो, काय मोती झाले! मी सुनीताला हाक मारली. ती दारात आली, थबकली आणि तिने पदर नाकाला लावला.

"कसलं मेलंय इथे?"

"नवं तेल आहे. उडून जाईल," मी म्हणालो.

सकाळी ओट्यावर चार मांजरं बसली होती. दुपारी नऊ झाली. आमच्या कॉलनीत नऊ मांजरं आहेत, हे मला तोवर माहीत नव्हतं. भांडी घासायला कृष्णाबाई आली. ती जवळच्याच गावातली. फाटकातून आत पाऊल टाकताच ती मोठ्याने हसली आणि तिथेच उकिडवी बसली.

"वहिनी, मुशीचा तेल हाय ह्यो! आमचे लोक होडींना लावतान. दादांनी घराला लावला?"

"मुशी म्हणजे?" मी विचारलं.

"मोठा मासा. त्याच्या काळजाचा तेल काढतान."

मी तिथेच ओट्यावर बसलो. उठलो तेव्हा पँट उठली नाही. तेल अजून ओलं होतं.

अक्षय तृतीयेला सोळा दिवस होते. त्या सोळा दिवसांत आम्ही त्या ओट्याला जी अंघोळ घातली ती कुणा देवालाही कधी घातली नसेल. शिकेकाई झाली, रिठे झाले, सोड्याचं उकळतं पाणी झालं, चाळीस लिंबं झाली. पण तेल लाकडात मुरलं होतं, आणि मुरणं हाच तर त्याचा गुण, ज्यासाठी मी उरणपर्यंत गेलो होतो. भटजींकडून गोमूत्र आणून शिंपडलं, तेव्हा मांजरं गेली आणि तासाने परत आली. कृष्णाबाई रोज येताना ओट्याकडे बघायची आणि सांगायची, "वास जायाला वरीस लागंल." मी शेवटचा उपाय म्हणून वॉलनटच्या पुड्या टर्पेंटाइनमध्ये कालवून वरून मारल्या. माशाच्या तेलावर तो रंग काही बसेना. जिथे बसला तिथे काळा, जिथे नाही तिथे तांबडा, आणि मधे मांजरांची पावलं. सगळा ओटा नायटा झाल्यासारखा दिसायला लागला.

टिपणीस तेवढे खुशीत होते. संध्याकाळी ते खुर्ची कुंपणाला लावून बसायचे आणि डोळे मिटायचे. मी त्यांना फैलावर घेतलं, तर म्हणाले, "तुम्ही लाकूड टिकवायला तेल मागितलंत. सत्यनारायण घालायला मागितलं असतं तर मी वेगळं सांगितलं असतं."

अशात वसाहतीच्या कार्यालयातून नोटीस आली. विनापरवाना बांधकाम. मी अर्ज घेऊन गेलो. फॉर्मात 'विटांचे' आणि 'पत्र्याचे' असे दोनच रकाने होते. टेबलामागच्या गृहस्थांनी बराच विचार करून मला ओटा 'फर्निचर' म्हणून दाखवायला सांगितला. मी 'बाकडे (मोठे)' असं लिहिलं. दोन दिवसांनी त्यांचा माणूस फूटपट्टी घेऊन पाहणीला आला. फाटकापाशीच थांबला, मांजरं मोजली, वहीत काहीतरी लिहिलं आणि न मोजताच गेला. दुसरी नोटीस आली : 'रहिवासी भूखंडावर मासळी सुकवण्याचा व्यवसाय चालवीत असल्याचे निदर्शनास आले आहे.'

सात पिढ्यांत आमच्या घराण्यात कुणी कालवं उचलून बघितलेलं नाही. मी अडीच पानी खुलासा लिहिला. तो वाचून ते गृहस्थ म्हणाले, "पाध्ये, शाकाहारी आहात ते मान्य. पण खुलाशाच्या कागदालाही वास येतोय." शेवटी त्यांनी फायलीवर शेरा मारला : 'बांधकाम नाही, व्यवसाय नाही. वासाबाबत पावसाळ्यानंतर फेरतपासणी.' एरवी असा शेरा मी कोर्टात नेला असता. त्या दिवशी मात्र मी मुकाट्याने घरी आलो, कारण दुसऱ्या दिवशी आई येणार होती.

पनवेलच्या स्टँडवर मी तिला उतरवून घेतलं. वाळून गेली होती. हातात एक पिशवी आणि एक वळकटी. रिक्षात मी तिला समजावत होतो की अजून ओटा झाला नाही, काम चालू आहे, तू आत बस. सुनीताने घरात चार ठिकाणी उदबत्त्या पेटवल्या होत्या. आई फाटकातून आत आली, माझा हात सोडून थेट ओट्यापाशी गेली आणि पदराने फळी झटकून बसली.

आम्ही दोघं श्वास रोखून उभे. आईने नाकातून मोठा श्वास घेतला.

"हवा छान आहे इथे," ती म्हणाली.

सुनीताने माझ्याकडे बघितलं. मी आकाशाकडे बघितलं.

पुढचे चार दिवस मी कसे काढले ते माझं मला माहीत. आई रोज सकाळी ओट्यावर बसून वाती वळायची, दुपारी तांदूळ निवडायची, संध्याकाळी जप करायची. मासळीचा ढळढळीत दरवळ, पायाशी मांजरं, आणि ती एक अक्षर बोलत नव्हती. म्हणजे तिला सगळं कळलंय आणि ती शिष्टाचार म्हणून गप्प आहे, आठव्या दिवशी उठून जाणार, अशी माझी खात्री झाली. जी बाई सुकटीच्या डब्यासाठी बिऱ्हाड बदलते, ती मुशीच्या काळजावर बसून हवा छान आहे म्हणते, तेव्हा ती नक्कीच निघायच्या तयारीत असते. चौथ्या रात्री ती लुगड्याच्या घड्या घालून पिशवीत ठेवताना दिसली. म्हटलं, वासाने घात केला. ती जाणार, न्हाणीचं दार लावून घेणार, आणि आपण इथे अडीच पानी खुलासे लिहीत बसणार.

पाचव्या दिवशी रविवार होता. आई त्या दिवशी दुपारीच जपाला बसली होती, मी शेजारी पेपर वाचल्यासारखं करत होतो, आणि कुंपणावर टिपणीस उगवले.

"वा पाध्ये! आज उन्हाने दरवळ काय सुटलाय!"

मी डोळ्यांनी त्यांना खूप विनवलं. पण आईने माळ थांबवली होती.

"कसला रे दरवळ?" तिने मला विचारलं.

माझ्या तोंडात पहिला शब्द आला तो बाहेर पडला. "मोगऱ्याचा. समोर कुणाकडे तरी फुललाय."

"हो ना," आई म्हणाली. "सकाळपासून येतोय."

आमच्या अख्ख्या गल्लीत मोगऱ्याचं एकही झाड नाही. खाऱ्या जमिनीत तो जगत नाही. टिपणिसांनी तोंड उघडलं, माझ्याकडे बघितलं, आणि त्यांच्या आयुष्यात बहुधा पहिल्यांदाच काही न बोलता आत गेले. मी पेपर खाली ठेवला. दाव्यांच्या विभागात एकोणीस वर्षं काढल्यावर माणसाला एक कळतं. खोटं बोलणारा नेहमी समोरच्याच्या खोट्याला हो म्हणतो.

"आई," मी म्हणालो, "तुला मोगऱ्याचा वास येतोय?"

ती माळेचे मणी पुन्हा ओढायला लागली.

"आई, तुला कशाचाच वास येत नाही का?"

"पडले तेव्हापासून," ती हळूच म्हणाली. "डोक्याला लागलं ना, तेव्हापासून. उदबत्तीचा नाही, दुधाचा नाही, कशाचाच नाही. गुढीपाडव्याला गॅसचं बटण उघडं राहिलं होतं. मला कळलंच नाही. मी तिथेच पोळ्या लाटायला बसलेली. शेजारची बाई धावत आली आणि तिने खिडक्या उघडल्या. ती म्हणाली, आजी, काडी ओढली असतीत तर?"

मी माळेसकट तिचा हात धरला.

"सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं असतं तर तू उचलून आणलं असतंस. असं उचलून कुणाच्या दारात जायचं नव्हतं मला. म्हटलं, आपल्या पायाने जावं, आठ दिवस राहून बघावं. जमतंय का, तुम्हाला अडचण होतेय का. सुनीता काही बोलत नव्हती, पण तुम्ही दोघं सारखे माझ्याकडे टकामका बघत होता. मला वाटलं, कळलं यांना. आता म्हातारीचं काय करायचं याचा विचार चाललाय. म्हणून काल घड्या घालून ठेवल्या."

तेव्हा मी तिला सगळं सांगितलं. मोरा, काशिराम, मुशी, कृष्णाबाई, चाळीस लिंबं, दोन्ही नोटिसा. सांगताना मी तिच्याकडे बघत नव्हतो. सांगून झालं तेव्हा बघितलं. आईने तळहात फळीवर घासला, नाकाशी नेला आणि सवयीने हुंगला. मग तिचे खांदे हलायला लागले. मला वाटलं रडतेय. ती हसत होती. लहानपणी मी तिला असं हसताना पाहिलं असेन, त्यानंतर नाही.

"पाच दिवस," ती डोळे पुसत म्हणाली, "पाच दिवस मी यावर बसून रामरक्षा म्हटली! अरे गाढवा, तेल कशाचं हे विचारायचं नाही का?"

"आता?" मी विचारलं.

"आता काय? देवाला नाक आहे, म्हणून जप आत करीन. मला नाही, म्हणून बसेन इथेच. पायाला गार लागतं इथे." मग ती म्हणाली, "दूध मात्र सुनीताने बघायचं. गॅसपाशी मी एकटी जाणार नाही. बाकी काय ते सगळं मी करीन."

मी स्वयंपाकघरात जाऊन सुनीताला सांगितलं. ती तव्यावर पोळी टाकायची थांबली, तिने गॅस बंद केला, बटण दोनदा तपासलं आणि तिथेच पाटावर बसून रडायला लागली. रडता रडता म्हणाली, "म्हणजे आता त्या उदबत्त्या नकोत ना? माझं डोकं चार दिवस ठणकतंय."

बाहेरून आईने हाक मारली. "वाईच्या मालकांना पत्र लिही. खोल्या सोडल्या म्हणून. शेजारच्या बाईला माझी तांब्याची घागर देऊन टाकायला सांग. आणि आत्ताच टाकून ये, उद्या माझं मन फिरेल."

मी चार ओळी लिहिल्या. कार्ड तिला वाचून दाखवलं. तिने खाली सही केली, बारीक आणि सरळ, आणि मी फाटक उघडून निघालो. वाटेत कुणीतरी 'पाध्ये, सभा कधी?' असं विचारल्याचं आठवतं. मी थांबलो नाही. कोपऱ्यावरच्या टपालपेटीत कार्ड टाकलं, ते आत पडल्याचा आवाज नीट ऐकला, तेव्हा कुठे माझ्या लक्षात आलं की मी अनवाणी आलोय, मे महिन्यातली दुपार आहे आणि डांबरी रस्त्यावर पाय चांगलेच भाजतायत.